टाकीवाल्याची टाकी

...आता मला सांगा, ज्या माणसानं अर्ध्या लातूरला टाक्या विकल्या, त्याच्याच घरातली टाकी गळावी? अन् टाकी केवढी, तर करंगळीच्या पेराएवढी! न्हाई, हसू नका. त्या टाकीपायी रामलिंगअप्पांचा संसार मोडता मोडता राहिलाय, अन् तुम्हाला हसू येतंय व्हय?

रामलिंगअप्पा म्हणजे आमच्या शेजारचे दुकानदार. बादल्या, घागरी, बॅरल, पाण्याच्या टाक्या, सगळा प्लास्टिकचा बाजार. आमच्या लातूरला नळ कवा येईल ते नळाला बी ठाऊक नसतंय, म्हणून इथं माणूस एक वेळ देवघर लहान बांधील, पण टाकी मोठी घेतो. गिऱ्हाईक आलं की अप्पा टाकीवर थाप मारणार अन् म्हणणार, वाजवून घ्या, प्लास्टिक आपल्याला नुसत्या वासावरून कळतंय. बरं, कळायचं बी हो, खोटं कशाला बोलू? पण अक्कल एका खिशात असली की दुसऱ्या खिशात असतीच असं न्हाई.

दुसऱ्या खिशात बिडी! एक विझायची ती दुसरी पेटवायलाच. अन् खोकला असा, की दुकानातल्या रिकाम्या टाक्या बी अप्पांसंगं खोकायच्या. शेवटी सिंधुवैनींनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, एक दिवस सांगितलं की पुन्हा घरात धूर दिसला तर मी उदगीरला माहेरी निघून जाईन, अन् मला न्यायला यायचं न्हाई. आरडाओरडा केला असता तर अप्पा भ्याले नसते हो, सवय हाय त्यांना. पण वैनी कणीक मळता मळता, एकदम शांतपणे बोलल्या, अन् अप्पांनी हातातली बिडी तिथंच विझवली. वैनींशिवाय ह्या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत न्हाई. घेतली शपथ, डोक्यावर हात ठेवून. काय म्हणून? तर धूर काढणार न्हाई. शब्द बघा बरं काय वापरला... धूर!

अन् गेले नांदेडला एका लग्नाला. तिथं मांडवामागं मोबाईलची कव्हरं विकणारा प्रीतम नावाचा गडी भेटला. त्यानं खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं. खाली बॅटरी, वर ही इवलीशी प्लास्टिकची टाकी, टाकीत तमाखूच्या अर्काचं गोडसर वासाचं पाणी, ओढलं की पाणी तापून तोंडातून ढग! म्हणतो, "काका, अख्खं हैद्राबाद हेच ओढून राहिलं. फक्त कुठं बोलू नका, सरकारची बंदी हाय." अप्पा म्हणाले, अरे बाबा, मी धूर काढायचा न्हाई अशी शपथ घेतलीय. तर तो पठ्ठ्या काय म्हणावा?

"काका, धूर न्हाई, वाफ हाय."

झालं! बुडत्याला काडीचा आधार. बंदी असलेली चीज, मांडवामागं चोरून विकायलाय, तवाच समजायला नगं का? पण गरजवंताला अक्कल नसती. अप्पा घरी आले अन् वैनींना म्हणाले, डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलंय, मशिनीतून वाफ घ्यायची. वैनी बिचाऱ्या इतक्या खूश, इतक्या खूश, की गल्लीभर सांगून आल्या, आमच्या ह्यांनी बिडी सोडली! आता अप्पा पलंगावर बसून ढग काढायलेत, अन् वैनी आतून इचारायल्यात, अहो, औषध घ्यायचं इसरला तर न्हाई? असलं सुख कुणाच्या नशिबात असतंय हो? शेजारचं कुणी खिडकीतला ढग बघून नाक मुरडलं, तर वैनीच पदर खोचून पुढं व्हायच्या, धूर न्हाई, वाफ हाय! अप्पांना लाज वाटायची, खरंच वाटायची. वैनी हळदीचं दूध आणून द्यायच्या तवा तर त्यांच्याकडं बघवायचं न्हाई. रोज ठरवायचे, आज खरं सांगून टाकू. अन् रोज एक ढग काढून उद्यावर ढकलायचे.

तेवढ्यात पहिलं पाणी संपलं, अन् प्रीतमनं बाटलीभर नवं पाठवलं, लिंबू-दालचिनीचं. लई झोंबरं! अन् त्याच सुमाराला अप्पांच्या सासूबाई आल्या, गंगम्मा, उदगीरहून, चार दिवस लेकीकडं म्हणून. येताना दाळ आणली, शेंगा आणल्या, अन् खोकला बी आणला.

इकडं यंत्राची टाकी धुरकट झाली. मग तिच्यावर बारीक बारीक रेघा. अप्पा चष्मा लावून बघायलेत, नखानं टोकरायलेत, टाकीवाला माणूस, जिवाला चैन कुठली? एक दिवस यंत्र घरीच फळीवर राहिलं, तवा त्यांनी दुकानातून प्रीतमला फोन लावला. तो म्हणतो, आं? प्लास्टिकात भरलं? लिंबू-दालचिनी तर प्लास्टिकला खाऊन टाकते काका, त्याला काचेची टाकी लागते! अप्पा म्हणाले, मग आधी कामून सांगितलं न्हाईस? तर म्हणतो कसा, "तुम्ही सोता टाकीवाले. म्हणलं, तुम्हाला काय सांगावं!"

घ्या! लिंबाचं लोणचं आपण बरणीत घालतो का प्लास्टिकात? शेंबड्या पोराला ठाऊक हाय! पण लोणच्याला लागणारी अक्कल ढगाला कोण लावतंय? वर प्रीतम म्हणाला की गळालंच तर हाताला लागू देऊ नका, अन् चुकून पोटात गेलं तर सरळ दवाखाना गाठा, इख हाय ते.

पोटात? अप्पा म्हणाले, पोटात कशाला जाईल... अन् तिथंच थांबले. घरात खोकणारी सासू. घरात खोकल्याचं "औषध". अन् घरात सिंधुवैनी, ज्या तेलाची पिशवी बी उलटी टांगून शेवटचा थेंब काढतात! एक गिऱ्हाईक टाकीत उतरून आतून ठोकून बघायलं होतं, त्याला तसंच टाकीत सोडून अप्पा पळाले.

घरी काय, तर टाकी तडकून पाणी फळीवर ठिबकायलं होतं. आता डॉक्टरनं दिलेलं महागाचं औषध वाया घालवायचं व्हय? वैनींनी ते वाटीत निथळून घेतलं, बाटलीतलं उरलेलं बी ओतलं, वर मध घातला. जावयाला गुण आला, तर आईला येणार न्हाई का? अप्पा उंबऱ्यात पोचले तवा चमचा गंगम्मांच्या ओठापाशी!

अप्पा म्हणाले, थांबा, जुनं झालंय ते. वैनी म्हणाल्या, काल रात्री तर तुम्हीच घेतलं की. अप्पा म्हणाले, अगं, ते पुरुषांचं औषध हाय. गंगम्मा म्हणाल्या, खोकल्याला कसली बाई अन् कसला बाप्या? अन् आ केला.

तुम्हाला सांगतो, तिसरी थाप अप्पांच्या जिभेवर तयार होती. तयार होती हो! पण समोर ती म्हातारी विश्वासानं आ करून बसलेली. अप्पांनी झडप घालून चमचा उडवला.

"औषध न्हाई ते! तमाखूचा अर्क हाय. मी खोटं बोललो, सिंधु."

वाटी उपडी, सासूबाईंच्या लुगड्यावर लिंबू-दालचिनी. अप्पा म्हणाले, आधी दोघीजणी साबणानं हात धुवा. मग सवयीनं म्हणायला गेले, धूर न्हाई... अन् पुढचं तोंडातून निघालंच न्हाई.

वैनींनी हात धुतले. ती तडकलेली टाकी कागदात धरून उजेडात बघितली.

"जे प्लास्टिकला खातं, ते तुमच्या छातीला सोडतंय व्हय?"

एवढंच बोलल्या अन् आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज, मग बॅगेच्या चेनीचा. अप्पा उंबऱ्यातच बसले अन् रडायला लागले हो, एवढा मोठा माणूस. जाऊ नको म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणणार?

तवा गंगम्मा बोलल्या, लुगडं झटकत.

"सिंधे, बॅग ठेव. माझा जीव वाचवायला ह्यांनी सोताची अब्रू घालवली. तू कशाला उदगीरला जातीस? ह्यांची सवय सुटूस्तोवर मीच इथं ऱ्हाते."

आता दुकानात या, बघा. गल्ल्याशेजारी उपडा टब, त्याच्यावर गंगम्मा. अप्पा जरा मागं गेले की ह्या मागं. खोकले की खिसे तपासायचे, न्हाई खोकले की तोंडाचा वास घ्यायचा. अप्पा शपथेवर सांगायलेत, सुटली हो सवय, कवाच सुटली! त्या म्हणतात, तुमची शपथ बघितलीय, अजून जरा बघू. काल मी हळूच इचारलं, कसं काय अप्पा? तर टाकीला टेकून म्हणाले,

"बायको माहेरी गेली असती, तर पाया पडून परत आणली असती रे. आता माहेरच घरी आलंय... त्याला कुठं नेऊन सोडू?"