मागच्या सीटवरची हवा

मेहुणा : नाही दाजी, इथंही बुडबुडा नाही. अर्धी बादली साबणाचं पाणी संपलं. व्हॅनची आंघोळ झाली, पण गळती काही दिसत नाही.

नवरा : मग प्रेशरच्या मीटरचा काटा का पडतोय?

मेहुणा : पडतोय असं नाही. जरासा लवतोय.

नवरा : अरे, मागच्या एसीच्या पाइपात नायट्रोजन भरलास, दोन्ही तोंडं बंद केलीस. आता काटा जरासाही लवला तर हवा कुठूनतरी बाहेर जातेयच ना? सकाळी पायरीखालची गळती सापडली तेव्हा टुणकन बाहेर आलास. क्लँप तुटला, पाइप पत्र्याला घासला, भोक पडलं, सगळं घडाघडा बोललास आणि भोक बुजवलंसही. आणि दुसरीला एवढा उशीर?

मेहुणा : दुसरी जरा लाजाळू असेल.

नवरा : माझा एक डोळा पट्टीखाली आहे, कान नाहीत. आणि ते गिऱ्हाईक कधीही टपकेल. त्याला सहली न्यायच्यात, मागचा एसी चालू असेल तरच व्हॅन घेतो म्हणालाय.

मेहुणा : मग असं करू का? मागची लाइन पुढूनच बुच मारून बंद करून टाकतो. पुढचा एसी मस्त चालेल.

नवरा : आणि मागं बसणाऱ्यांनी काय करायचं? भाजून निघायचं? गाडी विकतोय रे मी, माणसं फसवत नाहीये. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या नर्सांची ने-आण केली, मागं बसलेल्या एकीनंही तक्रार केली नाही. नाही म्हणायला या उन्हाळ्यात केली, पण तीही हसून.

बायको : चहा. आणि तुम्ही खुर्चीवरून उठू नका. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय.

नवरा : मी वाकलोय का? ताठ बसलोय. तुझ्या भावालाच वाकवून वाकवून दमलो. त्याला सांग जरा, मन लावून शोध म्हणावं.

बायको : तो शोधतोय. घाई कशाला करता?

नवरा : घाई? गिऱ्हाईक यायची वेळ झाली!

बायको : येईल तेव्हा येईल. मी आत जाते, चटणी वाटायचीय.

नवरा : आत्ता? अगं, सकाळीच वाटलीस ना?

बायको : ती संपली.

नवरा : संपली? कोणी खाल्ली? मी जेवलो भाजी-भाकरी... बघ, लावला मिक्सर. काय घरघर आहे! मेहुणेराव, तुमच्या ताईला आज झालंय तरी काय? सकाळपासून मिक्सर, नाहीतर रेडिओ, नाहीतर भांडी. आपण गळती शोधायला कान लावला की हिचं काहीतरी वाजतं.

मेहुणा : घरकाम म्हटलं की आवाज व्हायचाच, दाजी.

नवरा : थांब. बंद झाला मिक्सर. हलू नकोस. श्वासही घेऊ नकोस... ऐकलंस?

मेहुणा : काय?

नवरा : सूं... सूं. बारीक. भुंगा लांब कुठंतरी अडकल्यासारखा.

मेहुणा : तुमचे कान वाजत असतील. डोळ्यात औषध घातलं की होतं असं.

नवरा : डोळ्यातल्या औषधानं कान वाजतात? मला हात दे. व्हॅनमध्ये चढव.

मेहुणा : अहो दाजी, कशाला? ताई ओरडेल.

नवरा : वाकत नाही, नुसता बसतो. मागच्या सीटवर. हां... डावीकडे. डावीकडच्या खिडकीखालचं हे कव्हर तू मघाशी काढलं होतंस ना?

मेहुणा : काढलं होतं. पुन्हा लावलं.

नवरा : का लावलंस? काढ. आता बाजूला हो. मी गाल लावून बघतो... हे बघ. इथं. कूलिंग कॉइलला पाइप जोडलाय तिथं. गालाला फुंकर बसतेय, जसं कुणी लाडानं फुंकतंय. आण तुझं साबणाचं पाणी.

मेहुणा : आणतो.

नवरा : आले?

मेहुणा : आले. हे एवढाले फुगे.

नवरा : मेहुणेराव.

मेहुणा : हं.

नवरा : तू आयुष्यभर एसी दुरुस्त केलेस. शेजारच्या गल्लीतल्या फ्रिजची गळती तू रस्त्यातून चालता चालता सांगतोस. आणि पट्टी बांधलेल्या माणसाला जी गळती गालानं सापडते, ती तुला डोळ्यांनी सापडत नाही? काय शिजतंय?

मेहुणा : ताईला विचारा.

नवरा : ताईऽ! म्हणजे, अगंऽ! बाहेर ये. चटणी राहू दे.

बायको : काय झालं? आणि तुम्ही आत कसे चढलात?

मेहुणा : ताई, सापडली यांना. मी काही बोललो नाही. यांनी गालानं शोधली.

बायको : गालानं?

मेहुणा : दाजी, सकाळी ताईनं मला सांगितलं तोवर पहिली गळती काढून झाली होती. नाहीतर तीही सापडली नसती. ती म्हणाली, आजचा दिवस काढ, गिऱ्हाईक परत जाऊ दे.

नवरा : बायको गिऱ्हाइकाला पळवून लावतेय, मेहुणा गळती लपवतोय, आणि मी इथं बादलीतल्या साबणाचा हिशेब मागत बसलोय! का गं? मुलगासुद्धा म्हणाला, बाबा, आता पुरे, विकून टाका.

बायको : मुलगा फोनवरून म्हणाला. तो इथं राहत नाही. इथं मी राहते.

नवरा : मग तू बोलायचंस.

बायको : कधी बोलू? तुम्ही “गाडी विकायची” म्हणालात आणि पानावर बसलात. मी म्हटलं, अहो ऐका. तर म्हणालात, आमटी वाढ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तर डोळे मिटून पडलात. ऑपरेशनच्या आधी विषय काढला, तर म्हणालात, माझं ब्लडप्रेशर वाढेल. मग मी काय करणार? भावाला धरलं.

मेहुणा : भावाचा कान धरला, असं म्हण.

नवरा : अगं, पण ठेवून करायचं काय तिचं? अंगणात उभी करून तुळस लावायची? तुला माहीत आहे त्या दिवशी काय झालं. कोपऱ्यावर ती उंच नर्स हात करत होती आणि मला वाटलं, झाडाची फांदी हलतेय. तिला तिथंच सोडून मी निघून गेलो. बिचारी चपला हातात घेऊन पळत आली. गाडीत सगळ्या हसल्या. मीही हसलो. घरी येईपर्यंत माझं मला कळलं होतं. आता हा डोळा, मग तो. आणि डोळे सुधारले तरी मन धजायला हवं ना? ते आता धजत नाही. मी काही ती चालवणार नाही.

बायको : तुम्ही चालवा असं कोण म्हणतंय?

नवरा : मग कोण, हा चालवणार? याला सरळ रेषेत सायकल येत नाही.

बायको : मी.

नवरा : तू काय?

बायको : मी चालवणार. नर्सांशी बोलून झालंय. त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही या, आम्हाला चालेल.

नवरा : हा हा हा! अगं, ही व्हॅन आहे, मिक्सर नाही!

मेहुणा : हसू नका दाजी. लायसन्स आहे तिच्याकडे. दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या खेपेला रिव्हर्स घेताना टायरांच्या ढिगात घुसली.

बायको : तेवढं सांगायची गरज होती?

नवरा : लायसन्स? ... कधी?

बायको : तुम्ही दुपारी घोरत असायचात तेव्हा. याच्या जुन्या मोटारीवर शिकले. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मोठ्या गाडीवर. आणि दोनदा आपल्या व्हॅनवर. इथल्या इथे, गल्लीच्या टोकापर्यंत.

नवरा : माझ्या व्हॅनवर! कुठं घासली?

बायको : कुठं नाही. एक कुंडी तेवढी.

नवरा : दारातली? ती मांजरानं पाडली म्हणाली होतीस!

बायको : मांजर बिचारं निर्दोष आहे.

मेहुणा : दाजी, तिच्या शेजारी मी बसलोय. सुरुवातीला देव आठवले, खोटं कशाला बोलू. पण आता बरी चालवते. तुमच्यापेक्षा ब्रेक मऊ लावते.

नवरा : माझ्यापेक्षा म्हणू नकोस. ... अगं, पण मला आधी सांगायचंस.

बायको : सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी बसून शिकवलं असतंत. मग लायसन्स मिळालं नसतं, घटस्फोट मिळाला असता.

नवरा : ते मात्र खरं. ... माझा क्लच जड आहे, माहितीय?

बायको : माहितीय. पाय दुखतो पहिले काही दिवस, मग सवय होते.

नवरा : हं. ... मेहुणेराव, तोंड काय बघत बसलास? त्या जोडावरची रबराची रिंग बदल. कडक झाली असेल, चिरली असेल. पायरीखाली नवा क्लँप बसव. पाइप पुन्हा पत्र्याला टेकता कामा नये.

मेहुणा : म्हणजे दुरुस्त करायचं?

नवरा : विको न विको, मागं माणसं बसणारच ना?

(बऱ्याच वेळानं. व्हॅन सुरू आहे.)

मेहुणा : रिंग नवी, क्लँप नवा. काटा एका जागी बसला, तेव्हाच गॅस भरलाय. आता रस्त्यावर नेऊन बघायचं, मागं किती गार होतंय ते. दाजी, तुम्ही मागं. मी पुढं, ताईच्या शेजारी.

नवरा : मी मागं? मी या गाडीत कधी मागं बसलो नाही.

बायको : मग आज बसा. पट्टा लावा. निघाले.

नवरा : पहिल्यावर! पहिल्यावर टाक! हॉर्न दे. आरसा बघितलास? कुत्रं आहे. ते डावीकडे कुत्रं!

बायको : कुत्रं झोपलंय. आणि तुम्हाला तिथून दिसलं कसं?

नवरा : अंदाजानं.

मेहुणा : दाजी, कुत्र्याचं सोडा. हवेचं बोला. वरच्या जाळीतून येतेय ना?

नवरा : येतेय. डोक्यावर अगदी गार येतेय. हे असं असतं होय मागं? मला वाटायचं, त्या पोरी उगाच कौतुक करतात.

मेहुणा : दाजी, तुमचा फोन वाजतोय. गिऱ्हाईक असेल. ताई, समोर बघ तू, मागं वळू नकोस.

नवरा : हॅलो. हां, बोला. ... हो, मागचा एसी झाला, थंडगार झालाय. ... नाही हो, आता यायची तसदी घेऊ नका. गाडी द्यायची नाही. ... नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. आमच्या ड्रायव्हरनं नको म्हटलं. ... हो, आजच ठेवलाय नवीन. बरं. ठेवतो.

मेहुणा : ताई, ऐकलंस का? ताई, रडू नकोस, गाडी चालवतेयस तू.

बायको : मी कुठं रडतेय? वळण आहे पुढं.

मेहुणा : आहे खरं वळण. आणि घेतलंस पण बरोबर.

बायको : अहो. असे गप्प का झालात? काही चुकलं का?

नवरा : नाही. इथून रस्ता दिसत नाही गं. नुसतं तुझं डोकं दिसतं.

बायको : मग?

नवरा : मग काही नाही. चालव तू.