लिंकांची भिशी

...नाही, पण मला सांगा, एखाद्या बाईच्या घरात बसून, तिचाच चहा पीत, तिचाच तळलेला गोड मंदाझी त्यात बुडवत, ‘बाई, तुम्हाला जगात कुणी ओळखत नाही’ असं तोंडावर म्हणायला माणसाला लाज नको? मुटिसो म्हणाला! वेबसाइटींचा तज्ज्ञ! वर आणखी, ‘रागावू नका, मी वेबसाइटबद्दल बोलतोय.’ अरे, पण वेबसाइट कुणाची? तिच्यावर फोटो माझा, कडेवर लेक केमा माझी, पीठ माझं... मग ओळखत नाही ते कुणाला?

आणि तुम्हाला सांगते, पीठ साधंसुधं नाही. नाचणी, ज्वारी, भोपळ्याच्या बिया... बाळांच्या उजीचं, पेजेचं पीठ! केमाला दुसरं काही पचेना म्हणून मीच भाजलं, मीच दळून आणलं, शेजारणींनी मागून नेलं, म्हटलं धंदाच करू. नवऱ्याशी ठरलं, ईस्टरपर्यंत पीठ चाललं तर मी घरी. नाही चाललं तर मी परत विम्याच्या ऑफिसात आणि केमा गावी, किसीला, सासूबाईंकडे. सांभाळायला मुली ठेवून पाहिल्या हो, टिकत नाहीत. केमा चावते. आणि सासूबाई? फोन उचलला की ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलीस का’ नाही, थेट, ‘पोरीचं पांघरूण धुऊन वाळत घातलंय!’

आता ‘बाळाच्या उजीचं पीठ, नैरोबी’ असं शोधलं की मी कुठे? पानं उलटता उलटता अंगठा दुखला, तेव्हा सापडले, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या खाली! मुटिसो म्हणतो, ‘लिंका पाहिजेत. दुसऱ्यांनी आपापल्या वेबसाइटवर तुमची लिंक टाकायची, ती दाबली की माणूस तुमच्याकडे. जितके जास्त लोक तुमच्याकडे बोट दाखवतील, तितकं सर्चवाले तुम्हाला वर चढवतील.’ म्हटलं, ‘माझ्याकडे कोण बोट दाखवणार?’ तर मंदाझी चावत, ‘ओळखी काढा!’

काढल्या! आता आमच्याकडे बाईला काहीही हवं असलं, घरावर पत्रा म्हणा, शेळी म्हणा, फ्रिज म्हणा, तर ती काय करते? चामा. म्हणजे भिशीच हो! रविवारी चर्च सुटलं की ओमोंडीच्या आईकडे जमायचं, सगळ्यांनी मिळून एकीच्या ओटीत टाकायचं, पुढच्या रविवारी दुसरीच्या. आमच्या काहावा वेस्टमधले निम्मे फ्रिज असेच आलेत. म्हटलं, लिंकाही तशाच! सगळ्यांच्या वेबसाइटी आहेतच, दर रविवारी सगळ्यांनी एकीला लिंक द्यायची. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

ओमोंडीची आई आमची अध्यक्ष. आवाज असा की चर्चचा भोंगा बंद पडला तर तिलाच उभी करतात. म्हणाली, ‘ही लिंक परतीची की बिनपरतीची?’

‘पाळी आली की तुम्हालाही मिळणार.’

‘आणि एखादी आमच्या लिंका घेऊन पळाली तर?’

‘अहो, लिंक घेऊन कोण कुठे पळणार?’

‘केमाच्या आई, तू लहान आहेस. तू अजून बायका पाहिल्या नाहीस.’

आणि लगेच नियम केला, लिंक द्यायला उशीर, तर पुढच्या चहाची साखर तिच्याकडून!

चिठ्ठी निघाली ती माझीच. मग काय विचारता! न्याम्बुराचं वेण्यांचं दुकान, तिनं लिहिलं, ‘वेणी घट्ट, बाळ धट्टंकट्टं, इथे दाबा.’ म्वेंडे फ्रॉक शिवते, तिनं लिहिलं, ‘हे पीठ खाऊन फ्रॉक घट्ट झाला तर सैल करून मिळेल.’ आणि ओमोंडीच्या आईचा कारखाना... शवपेट्यांचा! ‘सर्व मापांच्या शवपेट्या, रास्त दर, घरपोच.’ आणि त्याच्याच खाली, ठळक अक्षरांत, ‘आपल्या लाडक्या बाळासाठी केमाच्या आईचं पौष्टिक पीठ!’

मी तिला लगेच फोन केला, ‘अहो, बाळ आणि शवपेटी, एका पानावर?’

‘का गं? आमच्याकडे येणाऱ्यांच्या घरात बाळं नसतात? उलट उपकार मान, रडणारा माणूस पानावर जास्त वेळ थांबतो!’

पण चढले हो मी! ट्रॅक्टर मागे पडले, पाण्याच्या टाक्या मागे पडल्या, नवऱ्यानं कौतुकानं भाजलेलं मटण आणलं. मग न्याम्बुराची पाळी, मग म्वेंडेची... आणि एका सकाळी बघते तर मी नाही! खाली नाही, वर नाही, कुठेच नाही! न्याम्बुरा नाही, म्वेंडे नाही, शवपेट्यासुद्धा नाहीत! माझं स्वतःचं नाव घालून शोधलं, तर युगांडातली कुणी धावपटू निघाली!

मुटिसो धावत आला. ‘काय केलंत तुम्ही?’

‘भिशी.’

‘लिंकांची?’ चहा सांडला त्याच्या हातून, माझ्याच सतरंजीवर. ‘अहो, ठरवून एकमेकींना दिलेल्या लिंका ही सर्चवाल्यांच्या लेखी लबाडी! लिंक कुणीतरी आपणहून द्यावी लागते. मनापासून. बदल्यात काही न घेता!’

बदल्यात काही न घेता! नैरोबीत! इथे मटाटू गाडीत खिडकीची जागा कुणी आपणहून देत नाही आणि म्हणे लिंक देईल! आणि हे तेव्हा सांगायचं की आत्ता? ‘ओळखी काढा’ कोण म्हणालं होतं? यात माझं काय चुकलं, सांगा ना!

रविवारी चामा नव्हे, कोर्टच भरलं. म्वेंडे पाठ करून बसली. न्याम्बुरा रडली. ओमोंडीची आई उठली, ‘केमाच्या आई, तुझ्यापायी आठवडाभर आमच्याकडे एकही मयत आलं नाही!’ आता काय, ‘माफ करा, पुढच्या आठवड्यात बघते’ म्हणू?

सगळ्या लिंका काढल्या. सर्चवाल्यांना माफीचा अर्ज केला. उत्तर नाही. आणि ईस्टरला सासूबाई हजर, एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात ते पांघरूण. मी केमाचे कपडे घडी करत बसले. एक मोजा सापडेना, म्हटलं बरं झालं, तेवढाच वेळ. खरं सांगू? तेव्हा वाटलं, माझं काय चुकलं असं विचारणारी बाईच चुकलेली असते. धड ऑफिस नाही, धड धंदा नाही, एक मूल होतं तेही...

तेवढ्यात मुटिसोचा फोन. ‘बाई, पेपरमध्ये आलंय!’ यानेच मित्रांत बसून बिअर पिता पिता माझी गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि त्यातला एक निघाला पत्रकार! मथळा काय, तर ‘शवपेटीवाल्यांनी शिफारस केलेलं बाळाचं पीठ’! माझा फोटो, कडेवर केमा, आणि देशभर हसू. त्या पेपरच्या वेबसाइटवर, बरोब्बर मध्ये, माझी लिंक. मग रेडिओवाल्यांनी दिली. मग एका कॉलेजानं दिली, ‘असं करू नये’ म्हणून पोरांना शिकवायला!

मुटिसोनं पुन्हा फोन केला. ‘बाई, आपणहून दिल्यात! मनापासून! असल्या लिंकांसाठी लोक तडफडतात हो!’

पहिल्या पानावर! पहिली! आणि फोन वाजायचा थांबेना. ‘ते शवपेटीवालं पीठ तुमचंच ना? दोन पिशव्या पाठवा.’ समोर सासूबाई. नवऱ्यानं त्यांना पेपर वाचून दाखवला, मी म्हटलं, संपलं. त्यांनी पेपर ओढून फोटो डोळ्यांजवळ नेला, मग म्हणाल्या, ‘पोर राहू दे तुझ्याकडे. पण माझं नाव कुठे छापून आणलंस तर बघ!’ आणि केळी ठेवून, पांघरूण ठेवून, पीठ घेऊन गेल्या.

त्या रविवारी मी चामाला ताठ मानेनं गेले. म्हटलं, आता माफी मागतील माझी. बघते तर ओमोंडीच्या आईच्या पुढ्यात वाडगा, वाडग्यात चिठ्ठ्या, आणि सगळ्या जणी डोळे मिटून प्रार्थना करतायत.

‘हे काय?’

‘बदनामीची भिशी. दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून एकीची करायची, पार पेपरात जाईपर्यंत.’

मी हळूच वाडग्याकडे हात नेला, तर फटकन मारला हो माझ्या हातावर!

‘तू बस खाली, केमाच्या आई. तुझी होऊन गेली.’

बसले. करते काय?