खाडीतला तो एक फोटो

सीताबर्डीच्या फोटो स्टुडिओत रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. त्यांच्या कोकणातल्या सहलीचा रोल धुवून आला होता. दुसऱ्यांचं ऐकू नये, हे कळत असूनही मी ऐकलं.

"हा कोनं काढला वं?"

"मीनं. तुमी तर डोळे मिटून होडीत आडवे पडले होते."

"केवढ्या लाटा होत्या!"

"खाडीत कुठच्या लाटा आल्या?"

"मुन्नीले धरून होतो मी. चार वर्साची पोरगी, पडली असती म्हंजे?"

"ते तर सुकाणू धरून हासून राहिली, पाहा ना. तुमी तिचा पाय धरून होते. नावाडी म्हने, साहेब, पाय सोडा, पोरीला लागतंय."

"फाडून टाक तो फोटो."

"काहून?"

"तुह्या बाबाले चिठ्ठीत लिवलं मी, शिडाची होडी मीच चालवली म्हनून. परवा येऊन राहिले ना ते!"

"म्हनूनच. भाऊ, याची मोठी कॉपी उद्यापर्यंत भेटन काय?"

"भेटन वहिनी. नाव कोनाचं लिवू?"

"मुन्नीचं लिवा. होडी तिनंच चालवली."