एक बोट वर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्जनसाहेब, सहकारी मंडळी, आणि खांदा सांभाळत का होईना पण वेळेवर आलेल्या माझ्या पेशंट मित्रमैत्रिणींनो,

आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सुईताईंच्या निरोपाला मी फिजिओथेरपीची विभागप्रमुख म्हणून गोड बोलावं अशी अपेक्षा आहे. प्रयत्न करते.

आपल्या व्यायामखोलीतली भिंत सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्याच्या ऑपरेशननंतर पेशंटनं बोटं चालवत हात वर न्यायचा, आणि पोचेल तिथं आपण पेन्सिलीनं खूण करायची, तारखेसकट. ही पद्धत माझी. वीस वर्षं त्या भिंतीवर माझंच राज्य होतं.

पाच वर्षांपूर्वी या बाई आल्या. सुईत औषध नाही, काही नाही. आखडलेल्या स्नायूची गाठ नेमकी धरायची नि टोचायची. स्नायू एकदा थडकन उडतो आणि सैल पडतो. एका बसड्रायव्हरचा खांदा मी दोन महिने चोळला होता. यांच्याकडे तीनदा जाऊन आला आणि मला म्हणतो, "मॅडम, तुमच्या हाताला माया आहे, पण गुण ताईंच्या सुईला आला." आता सांगा, यावर माणसानं काय म्हणावं? माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि त्यावर सुई चालत नाही.

मग मी काय केलं? माझ्या पेशंटच्या खुणा एक बोट वर करायला लागले. त्यानं कुणाचा खांदा वर गेला नाही. फक्त माझं नाक.

गेल्या वर्षी माझ्याच खांद्याचं ऑपरेशन झालं. हात खांद्याच्या रेषेवर अडून बसला तो बसलाच. सर्जनसाहेबांनी सुई सुचवली. गेले, काय करता. चौथ्या वेळेनंतर भिंतीपाशी उभी राहिले.

"टाचा खाली, मॅडम," या म्हणाल्या.

खूण केली. मी म्हटलं, "एक बोट वर काढ की गं."

मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या खुणा मी तीन वर्षं एक बोट वजा करूनच वाचतेय. ही तरी खरी राहू दे."

तीन वर्षांत कुणाला अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खरं सांगते, त्या दिवशी सुईपेक्षा त्या गप्प राहण्याचाच जास्त हेवा वाटला. अजून वाटतो.

त्यांच्या नव्या रुग्णालयाला शुभेच्छा, तिथले लोक नशीबवान आहेत मेले. माझी खूण तेवढी पुसू नका, ती खरी आहे. ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठं जास्त झालं असेल, तर सवयीप्रमाणे एक बोट वजा करून घ्या.