डलीमाची खोली

सलमिया : चपला बाहेरच राहू द्या, भावजी. आणि आत गेल्यावर हळू बोला. दुपारची वेळ आहे, हे झोपलेले असतात.

संगकोत : कोण झोपलेले असतात?

सलमिया : हे.

संगकोत : वहिनी, हमदानला माती देऊन एकसष्ट दिवस झाले. एका बाजूने मीच धरलं होतं त्याला.

हलीजा : आलास का संगकोत? ये. माझा भाऊ कधी गेला ते मला सांगू नकोस. आधी ऐक, मग अक्कल पाजळ.

संगकोत : अक्का, तुम्ही फोनवर म्हणालात, साप आजारी आहे, श्वासाचा आवाज येतो. म्हणून औषध, सुई सगळं घेऊन नदी ओलांडून आलो. अजगराच्या छातीत कफ झाला की दिवस मोजायचे असतात. मेलेला माणूस झोपलाय म्हणाला असतात, तर इमामांना घेऊन आलो असतो.

हलीजा : इमाम येऊन गेले. सातव्याला आले, चाळिसाव्याला आले. आता शंभराव्याला येतील. तोंड चालवू नकोस, आत हो.

संगकोत : बाप रे, काय अंधार आहे. दिवा कुठे आहे?

सलमिया : थांबा, लावते. खिडकीला प्लॅस्टिक ठोकलंय ना. तुम्हीच शिकवलं होतं ह्यांना. वारा लागला की सापाची, डलीमाची, कातडी सुकते.

संगकोत : शिकवलं होतं खरं. तिची पेटी कुठे आहे?

सलमिया : ही काय, खाटेला लागून. मी इथे बसते, तुम्ही त्या स्टुलावर बसा. आता कोणी बोलू नका.

(बराच वेळ कोणी बोलत नाही.)

सलमिया : ऐकलंत?

संगकोत : हो.

सलमिया : मला वेड लागलेलं नाही ना, भावजी?

संगकोत : नाही. आत ओढताना शिट्टी, सोडताना खरखर. आणि मध्ये ते अडकणं, दार लागावं तसं.

हलीजा : कोणाचा आहे?

संगकोत : अक्का...

हलीजा : तू त्याच्याबरोबर बागांमधून अठरा वर्षं साप धरत फिरलास. कोणाचा श्वास आहे ते सांग.

संगकोत : हमदानचा आहे. शेवटच्या दोन वर्षांत तो मागे पडायचा. ताडाच्या रांगेतून मी पुढे चालायचो आणि मागून हा आवाज यायचा. मागे वळून बघावं लागायचं नाही. अक्का, माझ्या अंगावर काटा आलाय, खोटं कशाला बोलू.

हलीजा : आता बोल तुझं शहाणपण.

संगकोत : कधीपासून आहे?

सलमिया : चाळिसाव्यानंतर सुरू झाला. सगळे पाहुणे गेले, भांडी घासून मी इथे येऊन बसले. तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आधी वाटलं, भास असेल. मग रोजच.

संगकोत : दिवसभर येतो?

सलमिया : या खोलीत आले की येतो. ओसरीवर बसले की नाही ऐकू येत. विहिरीवरून पाणी आणलं आणि आत आले की फार दमलेला असतो. आणि मी रडले ना, भावजी, की जोरात होतो. मग मीच म्हणते, बरं बरं, नाही रडत. की हळूहळू शांत होतो.

हलीजा : जिवंतपणी कधी तिचं रडणं बघवलं नाही त्याला. मेल्यावर काय बघवेल?

संगकोत : तुम्हाला एकटीला ऐकू येतो का, अक्का? वहिनी घरात नसताना?

हलीजा : ती नसली की गप्प असतो. माझ्यासाठी तो कधी बोलला नाही, आता श्वास कुठला घेणार? बायको आल्यावर बहीण कोण?

सलमिया : वन्सं, असं नका ना म्हणू.

हलीजा : खरं आहे ते बोलते. संगकोत, तू डोंगराकडचा, तुला आमच्या घरातलं माहीत नाही. हमदान जन्मला त्या पहाटे आमच्या घराखाली, मधल्या खांबाशी, लाल अजगर वेटोळं घालून बसला होता. सुईणीने आईला सांगितलं, नाळ एक आहे आणि जीव दोन. जुळा आहे. त्याला कधी दुखवू नका.

संगकोत : आणि तोच हमदान पुढे महिन्याला शंभर अजगर सोलायचा. नळीने पाणी भरायचं, फुगवायचं आणि कातडी उतरवायची. मीही तेच केलं, मी काही साधू नाही. पण जुळ्याची गोष्ट तेव्हा कुणाला आठवली नाही.

हलीजा : पोट होतं पाठीशी. आठवली नाही कशी? नऊ वर्षांपूर्वी पोत्यातून ही हातभर पोर निघाली, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. तेव्हा त्याचा हात धजला नाही. त्या दिवशी सुरी ठेवली ती ठेवलीच; पुढे साप धरून विकले, पण सोलला एकही नाही. डलीमा नाव ठेवलं आणि घरी आणली. उगीच आणली का?

संगकोत : उगीच नाही. जीव जडला त्याचा.

हलीजा : जीव जडला नाही, जीव ठेवला. शंभराव्या दिवसापर्यंत माणसाचा जीव जुळ्याकडे असतो. दर गुरुवारी संध्याकाळी पिवळा भात आणि अंडं ठेवते मी पेटीपाशी. तोपर्यंत पेटी हलवायची नाही, खिडकी उघडायची नाही. मग तो आपल्या पायाने जाईल.

संगकोत : अजून एकोणचाळीस दिवस?

हलीजा : एकोणचाळीस.

संगकोत : मग आता माझं ऐका. हा आवाज डलीमाच्या छातीतून येत असेल, तर एकोणचाळीस दिवस तिच्याकडे नाहीत. दहाही नाहीत. अजगराला खोकता येत नाही. कफ आत साचतो, तोंडाशी फेस येतो, मान आकाशाकडे करून बसतो आणि एके सकाळी तसाच मेलेला सापडतो. आजच सुई टोचावी लागेल. आठवडाभर रोज.

सलमिया : टोचल्यावर आवाज थांबेल?

संगकोत : बरी झाली तर थांबेलच की.

सलमिया : मग नका टोचू.

संगकोत : वहिनी, मरेल ती.

सलमिया : आणि टोचलीत तर हे जातील. तुम्ही घरी जाल, वन्सं त्यांच्या खोलीत जातील. मी इथे कुणाबरोबर बसू? सव्वीस वर्षं या खाटेवर मी एकटी झोपले नाही, भावजी. मूल नाही, बाळ नाही. माझ्याकडे एवढा आवाज आहे.

हलीजा : घे. आता काय करतोस?

संगकोत : निदान बघू तरी द्या. हात लावायला तरी बंदी नाही ना? हमदानने मला शपथ घातली होती, हिच्याकडे लक्ष ठेव म्हणून.

सलमिया : बघा. पण तिला चिडवू नका, ती फुसफुसते.

संगकोत : फुसफुसणं चांगलं. गरीब झालेला अजगर आजारी असतो. दिवा जरा इकडे धरा, अक्का. ये गं बाई. अगं, मांडीएवढी झालीस की. शेवटचं काय खाल्लं हिने?

सलमिया : उंदीर. अठरा दिवस झाले. मोठा होता, दमाने घातला.

संगकोत : बरोबर. त्याहून लवकर घालू नका, ही जात खाऊन खाऊन मरते. कात कधी टाकली?

सलमिया : मागच्या आठवड्यात. अख्खी निघाली, डोळ्यांच्या झाकणांसकट. ह्यांनी भिंतीवर खडूने तारखा लिहायला शिकवलं होतं. मी अजून लिहिते.

संगकोत : अख्खी? तुकडे नाहीत?

सलमिया : नाही. मोज्यासारखी उतरली.

संगकोत : पाण्याचं भांडं स्वच्छ आहे. कागद ओले, पण सडके नाहीत. पोटाखाली एक डाग नाही. गोचीड नाही. वहिनी, तुम्ही हिला त्याच्यापेक्षा चांगली ठेवलीय. आता तोंड उघडतो, घाबरू नका. काडी द्या ती. हं. गुलाबी आहे. फेस नाही, कफाची तार नाही.

हलीजा : मग?

संगकोत : थांबा. कान लावून ऐकतो. बोलू नका.

सलमिया : काय ऐकू येतं?

संगकोत : काही नाही.

हलीजा : काही नाही म्हणजे काय? आत्ता मला इथे ऐकू येतोय तो.

संगकोत : मलाही येतोय. पण एका कानाने. जो कान हिच्या अंगाला लावलाय, त्यात शांतता आहे. हात लावून बघा तुम्ही. फासळ्या कशा हलतायत? सावकाश, तळ्यावर लाट यावी तशा. त्या आवाजाशी हिचा मेळ नाही, अक्का. ही ठणठणीत आहे.

हलीजा : मग तो कुठे आहे? संगकोत, दिवा इकडे आण. खाटेखाली बघ.

संगकोत : खाटेखाली काही नाही. मी बघितलं बसताना.

सलमिया : भावजी, असे माझ्याकडे का बघताय?

संगकोत : वहिनी, एक करा. श्वास घ्या आणि धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका.

हलीजा : हे काय आता नवीन?

संगकोत : अक्का, फक्त गप्प राहा. धरा, वहिनी.

(सलमिया श्वास धरते.)

संगकोत : थांबला.

हलीजा : थांबला. या अल्ला. आणि हिच्याकडे बघ, संगकोत. डलीमाने मान वर केली. तिच्याकडे वळली.

संगकोत : तेही बघितलं मी. त्याचं मला विचारू नका, मला ठाऊक नाही. सोडा, वहिनी. सोडा श्वास.

सलमिया : परत आला.

संगकोत : तो तुमच्यातून येतोय.

सलमिया : हे माझ्यात आहेत?

संगकोत : तुम्हाला दमा झालाय, वहिनी. अक्का, दिवा त्या भिंतीला लावा. पेटीच्या मागे नाही, खाटेच्या मागे. उशी उचला.

हलीजा : ही तर काळी झालीय सगळी. मी समजले, दिव्याची काजळी आहे.

संगकोत : बुरशी आहे. खिडकी बंद, कागद ओले, पाण्याचं भांडं उघडं, आणि उशी या भिंतीला. अजगराला हेच लागतं, माणसाला हेच मारतं. बोट लावून हुंगा. मी स्टुलावर बसल्यापासून माझाही घसा खवखवतोय.

सलमिया : ह्यांची खाट सहा वर्षांपूर्वी इथे आणली. शेजारी कुरकुर करायचे सापावरून, म्हणून पेटी आत घेतली. रात्री तिच्याजवळ झोपायला बरं वाटायचं त्यांना.

संगकोत : आणि हमदानला खोकला कधी लागला?

सलमिया : त्याच पावसाळ्यात.

संगकोत : मीच सांगितलं होतं. खोली बंद ठेव, ओली ठेव, वारा लागू देऊ नकोस. माझी पेटी परसातल्या खोपटात असते, वहिनी. त्याने ती उशाशी ठेवली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सहा वर्षं मी अंगणातून हाका मारल्या, चहा प्यायलो, तिच्या काती बघून शाबासकी दिली. एकदा आत आलो असतो तर.

हलीजा : पुरे. रडू नकोस आता, बाप्या माणूस.

संगकोत : खिडकी आजच उघडायला हवी. पेटी मी घेऊन जातो. डलीमा माझ्याकडे सुखात राहील, वहिनी कधीही येऊन बघू शकतात. उद्या यांना डॉक्टरकडे न्या. हमदानला न्यायला उशीर केला आपण.

सलमिया : वन्सं म्हणतात, अजून एकोणचाळीस दिवस.

संगकोत : एकोणचाळीस दिवसांनी इमामांना दोघांसाठी एकदम बोलवावं लागेल. अक्का, तुम्ही तरी सांगा हिला.

हलीजा : मी काय सांगू? आईला सुईणीने सांगितलं, ते मी साठ वर्षं धरून बसले.

सलमिया : भावजी, मी बरी झाले की हा आवाज जाईल ना?

संगकोत : जाईल.

सलमिया : सगळा?

संगकोत : सगळा, वहिनी. तुमचं बरं होणं म्हणजे तेच.

सलमिया : मग वन्संना विचारा. त्यांचा भाऊ आहे. त्या म्हणतील तसं.

हलीजा : माझ्या डोक्यावर नको टाकूस, सलमिया. इकडे ये. पाठ कर माझ्याकडे. ओढणी बाजूला घे जरा, कान लावू दे.

सलमिया : वन्सं, तुमचा गाल थंड आहे.

हलीजा : गप्प बस. श्वास घे.

संगकोत : अक्का, मी खिडकीचे खिळे काढायला सुरुवात करतो. पक्कड कुठे आहे?

हलीजा : तिथे फळीवर आहे, त्याच्या टोपीखाली. आणि हळू काढ, फाडू नकोस. हा आवाज... लहान असताना हा माझ्या पाठीवर झोपायचा, सलमिया. आई शेतात जायची. मानेशी असाच गरम गरम.

सलमिया : मला माहीत आहे. ते सांगायचे.

हलीजा : तुला सांगायचा?

सलमिया : नेहमी.

संगकोत : दोन खिळे राहिलेत. उघडू का, अक्का?

हलीजा : थांब. सलमिया, अजून एकदा घे. मग उघड म्हणते त्याला.