दिवसाला सतराशे बार मेलेला म्हातारा

...आन वर मलाच म्हणते, "आबा, तुम्ही मेलाव तर काय बिघडलं, दहा सेकंदात परत उठताव की." आता बोला. ही नात म्हणायची का यमाची कारकून? तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली मला, ह्या अर्धापुरात केळी लावून केस पांढरे केले, साप बघितले, रानडुकरं बघितली, दोनदा विहिरीत पडलो, पण आपण मरताना आपल्याच कानानं कधी ऐकलं न्हवतं. ते ऐकलं. भरदुपारी, चहा पिताना. मी भाईर बाजंवर बसलेलो आन आतल्या खोलीतनं माझाच आवाज आला, "आगं आई गं, गेलो..." बशी हातातनं पडली. पहिल्यांदा मी काय केलं म्हणाल तर छातीवर हात ठिवून बघितला, की बाबा मी हितं हाय का तितं. भ्यावं का न्हाई माणसानं? तुम्हीच सांगा.

आत जाऊन बघतो तर माझी नात तनुजा कॉम्प्युटरपुढं, शेजारी तिची मैत्रीण लुंबिनी, दोघी नांदेडला इंजिनिअरिंग शिकलेल्या, आन पडद्यावर केळीच्या बागेत एक म्हातारा उताणा पडलेला. तोंड वासून. धोतर, मुंडासं, हातात गोफण, कानावरचे केससुद्धा तेच. मीच. लुंबिनीनं काढलेलं चित्र, हात लई चांगला हाय पोरीचा, पण काढायला दुसरं काही मिळालं न्हाई का? म्हणलं, "आन आवाज कुटनं आणलाव?" तर तनुजा म्हणते, "आबा, गेल्या साली तुम्हाला इंचू चावला न्हाई का, तवा मी मोबाइल चालू ठिवला होता." म्हणजे बघा, म्हातारा इंचवानं तडफडून राहिला आन नात रेकॉर्डिंग करून राहिली.

आता ही भानगड काय ते सांगतो, मलाबी समजायला सहा महिने लागले. परदेशातल्या एका कंपनीचा गोळ्या घालायचा जुना गेम होता. कंपनीनंच सांगून ठिवलेलं, की कुणाला त्यात आपली करामत करायची तर करा. ह्याला म्हणायचं मॉड. म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन कंपनीचं, चाकं कंपनीची, वरचा टप, शिट आन हॉरन आपला. ह्या दोघींनी हॉस्टेलात बसून त्याच्यावर अर्धापूर चढवलं आन इंटरनेटवर सोडून दिलं, जगात कुणीबी खेळा. एक टोळी तांबडी, एक निळी, आन लढाई कशावर? तर समोरच्याच्या विहिरीतली मोटर उचलून आपल्या विहिरीवर आणायची. हे बाकी खरं हाय, माझ्या दोन मोटरी गेल्यात.

पहिल्या साली टोळीत तीनच कामाची माणसं. एक गोफणवाला, म्हणजे मी. एक नर्सबाई, सलाईनची बाटली घेऊन पळणारी. एक वायरमन, तो आकडा टाकून काय काय चालू करतो. लोकांना आवडलं तसं वाढवत गेल्या. दुसऱ्या साली पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला आला, त्याच्या पंपातनं औषधाच्या जागी जाळ निघतो. मंग एक भेदी आला, समोरच्या टोळीचा सदरा घालून त्यांच्यातच बसतो आन मागनं सुरी खुपसतो. तसले आमच्या सोसायटीत चार हायत. जेनं तेनं आपलं काम करायचं, एकट्यानं काहीच होत न्हाई. मी म्हणलं, "म्हणजे आपले जुने बलुतेदारच की." तर लुंबिनी हसली. म्हणली, "न्हाई आजोबा. हितं ज्याला जे व्हावं वाटतं ते होता येतं, आन पटलं न्हाई तर पुढच्या बारीला दुसरं." पोरगी हसत बोलली, पण बोलली बरोब्बर.

तर सुरुवातीला मी जोरात होतो. गोफणीचा दगड ह्या बांधावरनं त्या बांधाला. मंग तक्रारी आल्या, की म्हाताऱ्याचा दगड लई लांब जातो, हे इन्साफाचं न्हाई. कुटनं आल्या? पोलंड का कुटनं. पोलंडच्या माणसाला मी काय केलतं? तनुजानं एका सोमवारी दगड तोकडा केला. तुम्हाला खोटं वाटंल, त्याच आठवड्यात माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. पुढच्या सोमवारच्या सुधारणंत तिनं माझी चाल कमी केली, आन मला पायरी चढताना गुडघ्याला हात लावायला लागला. डॉक्टर म्हणला, वय झालं. वय काय सोमवारच्या सोमवारी होतंय का? मी तनुजाला म्हणलं, "बाई, तू तितं काहीबाही दुरुस्त करत बसशील आन हिकडं माझं आवरशील. काढ मला त्याच्यातनं." ती म्हणली, "आबा, लोकांनी घेतलाय तो गेम, असा मधीच माणूस काढता येत न्हाई." बघा, आपल्याच नातीच्या हातात आपली दोरी, आन ती म्हणते गाठ सुटत न्हाई. भ्यावं का न्हाई माणसानं?

त्यात कावळा शिवला. बागंत घड झाकत होतो, उन्हाची बारी, आन आला तो थेट डोक्यावर. पंजा लागला. मुंडासं काढलेलं, टकलावर लागला. आता तुम्हाला माहीतच हाय, कावळा डोक्याला शिवला की ते मरणाचं बोलावणं. ह्याला उतारा एकच, नातलगाला खोटा सांगावा धाडायचा, की अमका गेला. त्यानं खरं समजून रडायचं. चार टिपं पडली की बोलावणं फिटलं, मरणाला वाटतं हितलं काम झालं. घरी आलो, सुनंला म्हणलं, "वर्षाराणी, लाव चाकूरला फोन." चाकूरला माझी धाकटी बहीण सिंधु दिलेली. वर्षाराणी बिचारी गळा भरून म्हणली, "आत्या, मामंजी गेले." तिकडनं फोन कट. मला वाटलं झालं, पडली चक्कर येऊन. तेवढ्यात माझ्याच मोबाइलवर तो तोंड दिसायचा फोन आला आन मी, सवयीनं, उचलला.

सिंधु भाकरी थापून राहिलेली. म्हणते, "दादा, तू गेलास म्हणं?"

"हाव."

"मंग जेवलास का?"

मी म्हणलं, "सिंधे, कावळा शिवलाय, रड जरा." तर म्हणते, "आधी सांगायचं की. आता तू समोर दिसून राहिलास, कसं रडू?" म्हणलं, डोळे मिटून रड. तिनं मिटले. लई जोर लावला बिचारीनं. मंग म्हणली, "न्हाई येत रे दादा, भाकरी करपून राहिली." कट. सत्तर वर्षांची बहीण, आन एक टिपूस न्हाई. त्या दिवशी मी भ्यालो ते खरं भ्यालो. अन्न गोड लागंना. छातीत मधीच एखादा ठोका असा चुकल्यागत व्हायचा, की मी बोलता बोलता थांबून त्याचीच वाट बघायचो.

लुंबिनी समजवायला आली. "आजोबा, कावळ्याला काय कळतंय? आमच्यात हे मानत न्हाईत." म्हणलं, "तुमच्यात मानत न्हाईत, पण कावळा इचारून बसतो का, कोण कुणाच्यात हाय?" ती हसली, आन जाता जाता सहज म्हणली, "आन खोटंच मरण पाहिजे तर तुम्हाला काय तोटा हाय? काल तुम्ही सतराशे बार मेलाव."

सतराशे.

मी उठून बसलो. म्हणलं, "आन रडतं का कुणी?" तिनं उघडून दाखवलं. ब्राझीलच्या कुणी एकानं मी पडलो तवा लिवलेलं होतं, अक्षर न्हाई, नुसती रडणारी पिवळी तोंडं. ओळीनं सात. सख्ख्या बहिणीला जे जमलं न्हाई ते ह्या कोण कुटल्या माणसानं केलं, आन ते कावळा शिवायच्या आधीपासनं. मला एकदम उजेड पडला. आरं, हे तर रोजचे सतराशे सांगावे. मरण येऊन बघत आसंल, यादीत व्यंकट अर्धापूरकर गेला, गेला, गेला, सतराशे बार टिक केलेली, ते कशाला हिकडं पायपीट करंल?

तवापासनं माझा कायदा ठरला. संध्याकाळी हातपाय धुतले की तनुजाला हाक, "आज किती?" "पंधराशे, आबा." कमी वाटलं तर मी म्हणायचो, लोक ढिले पडले, जरा नेटानं मारायला सांग. दोन हजारावर गेलं की दोन भाकरी जास्त. सव्वा साल असं सुखाचं गेलं बघा, खांदा दुखायचा पण मी दुखू दिला.

आन मंग ती कंपनी आली. जिचं इंजिन, तीच. म्हणली, दोघी पोरी आमच्याकडं बंगळूरला या, हाच गेम नव्यानं, मोठा, आमच्या नावानं करू, जुना बंद. तनुजाचं तोंड असं उजळलं, की मला माझी मयत बायको आठवली. पण अट होती. गोफणवाला काढा. कारण काय, तर लई मरतो. लई मरणारा माणूस नव्या गेममधी कुणी खेळायला घेणार न्हाई म्हणं. आता तो मरतो म्हणून तर मी जगून राहिलोय, हे बंगळूरच्या साहेबाला कोण सांगणार? भ्यावं का न्हाई माणसानं?

मी सांगितलं. साहेब पडद्यावर आला, मी धुतलेलं धोतर नेसून तनुजाच्या मागं जाऊन हुभा राहिलो आन हात जोडले. "साहेब, म्हाताऱ्यावर मेहरबानी करा. मला मारत राहा. कमी मारा पायजे तर, पण बंद करू नका." साहेबाला मराठी येईना. तनुजा इंग्रजीत काहीतरी बोलली, बोलताना तिचे डोळे भरून आले. साहेबानं चष्मा काढला. मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

तीन दिवसांनी पोरगी पेढे घेऊन आली. पाया पडली. "आबा, ठिवलं तुम्हाला. मी सांगितलं, माझ्या आबाला काढलं तर मी येत न्हाई. तुम्ही आता विहिरीच्या काठावर बसणार, दोन्ही टोळ्यांना पाणी देणार, गोळी लागली, जाळ लागला, काही होणार न्हाई. नव्या गेममधी तुम्ही मरतच न्हाई आबा. कधीच."

पेढा तोंडात तसाच राहिला. लेकरू येवढं खूश, माझ्यासाठी साहेबाशी भांडून आलेलं, त्याला काय सांगायचं? म्हणलं, "लई चांगलं केलंस बाई. जा बंगळूरला, जपून राहा."

ती गेली. आता तितं मी अमर हाय. म्हणजे जेवढं काही मरायचं राहिलंय, ते सगळं मला एकट्यालाच मरावं लागणार.