हाकेच्या टप्प्यात

वीज कार्यालयात मीटरवरचं बायकोचं नाव काढायला मी रांगेत उभा होतो. पुढे एक मावशी होत्या. मुलाकडे राहायला जायचं म्हणून त्या मीटर बंद करायला आल्या होत्या. सोबत कॉलेजातली भाची होती, तिच्या हातात एक कागद.

"हे काय गं, माशा बसल्यात की काय?"

"मावशी, ही तुझी गल्ली आहे. घर म्हणजे ठिपका. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू गेली तरच मध्ये रेघ."

"यातली मी कुठली?"

"ही. वर नर्सताई, खाली शिवणकामवाल्या काकू. त्या दोघींत रेघ नाही, लांब पडतं."

"म्हणून तर दमा उसळला की शिवणवाली ताट वाजवते आणि मी नर्सला हाक मारते. फोनवर तिच्या तोंडून शब्द फुटतोय कुठला!"

"आता तू दादाकडे गेलीस की हा ठिपका खोडायचा."

"खोड बघू. अगं, ती एकटीच राहिली की कोपऱ्यात!"

"तेच तर."

"मग तिलाच माझ्या घरात आणू. तिच्या पलीकडे तिच्या हाकेवर कोण आहे?"

"कोणी नाही. थांब, रेघ मारून बघते. जमतंय गं!"

"आणि दादाच्या इमारतीत माझी हाक कुठवर जाते?"

"तिथलं नाही काढलं. तिथे सगळ्यांची दारं बंद असतात."

"असू देत. चल, आजच जाऊन ओरडून बघू."

"अगं, नंबर आला आपला! मीटर काकूंच्या नावावर करायचा ना?"

"थांब जरा. आधी दादाकडे कोणी ओ देतंय का बघू."